किटलीचे गरम पाणी

मी एक जुनी किटली आहे; पण मित्रांनो, माझ्यातून आजवर एकदाही चहा निघालेला नाही. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, सिंकच्या शेजारच्या भिंतीवर बसवलेले, पाणी शुद्ध करणारे यंत्र म्हणजे मी. माझ्या कामाला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणतात. हा शब्द घाईत उच्चारता येत नाही आणि प्रयोगशाळेत सगळ्यांनाच घाई असते. म्हणून फार पूर्वी कुणीतरी मला किटली म्हटले आणि तेच नाव चिकटले.

माझे पोट स्टीलचे आहे. आत विजेवर तापणारे एक वेटोळे आहे. ते तापले की पाणी उकळते, वाफ वर चढते आणि काचेच्या एका लांब नळीत शिरते. त्या नळीभोवती नळाचे थंड पाणी सतत वाहत असते. गार काचेला टेकताच वाफेचे पुन्हा पाणी होते आणि थेंब थेंब करत खाली ठेवलेल्या कॅनमध्ये पडते. क्षार, धातू, माती, जे काही पाण्यात विरघळलेले किंवा मिसळलेले असते ते माझ्या पोटात मागे राहते. कॅनमध्ये जाते ते निव्वळ पाणी. ढगही हेच काम करतात, पण त्यांना विजेचे बिल येत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याचे काम एकाने केले आणि काचेचे काम दुसऱ्याने. हा काचकाम करणारा माणूस फार गप्प असे. ज्योतीवर नळी फिरवताना तो श्वाससुद्धा बेताने घेई. माझी नळी त्याच्या हातून दोनदा तडकली, तेव्हा कुठे तिसरी मनासारखी झाली. त्याची बायको डबा द्यायला आली होती. ती नळी उजेडात धरून म्हणाली, "काय सुरेख झालीय हो." तो म्हणाला, "गळली नाही म्हणजे झालं." मी आजतागायत गळलेली नाही.

तिथून मी या प्रयोगशाळेत आले. आमच्या कारखान्यात मुलांच्या रंगपेट्या तयार होतात. चित्र काढताना तुम्ही ब्रश तोंडात घालून त्याचे टोक करता, हे मला ठाऊक आहे. करू नका असे सांगूनही करता, हेही ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक रंग पेटीत जाण्याआधी आमच्याकडे तपासला जातो. त्यात शिसे तर नाही ना, हे पाहायचे असते. शिसे हा धातू पोटात गेला तर फार वाईट. तो इतक्या थोड्या प्रमाणात शोधावा लागतो की तपासणीची भांडी अगदी स्वच्छ हवीत. स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेने तिथे भागत नाही. काचेचे प्रत्येक भांडे आधी साबणाने धुवायचे, मग नळाच्या पाण्याने, आणि शेवटी माझ्या पाण्याने तीनदा विसळायचे, असा आमच्याकडचा नियम होता. तो मोठ्या बाईंनी घातला होता.

मोठ्या बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. मला इथे आणले ते त्यांनीच. कुणी पाहुणे आले की त्या माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणत, "ही आमची सगळ्यात जुनी कर्मचारी. हिनं कधी रजा घेतली नाही." पाहुणे हसत आणि मी थोडी जास्तच उकळे.

भांडी धुण्याचे काम मावशींचे. त्या कुणाच्या मावशी होत्या कुणास ठाऊक, पण कारखान्यातले सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांच्या हातून भांडे फुटलेले मी पाहिले नाही, आणि त्यांच्या तोंडून कुणी सुटलेलेही पाहिले नाही.

मग एके वर्षी ताई आली. रंग तपासणारी म्हणून तिला घेतले होते, पण तात्पुरते. याआधी तिने तीन ठिकाणी तात्पुरतेच काम केले होते, आणि तिन्ही ठिकाणी वर्ष संपता संपता तिला हसून निरोप दिला गेला होता. आमच्याकडे कायम झालेल्या माणसांना त्यांच्या मापाचा पांढरा कोट शिवून मिळतो. तात्पुरत्यांनी खुंटीवरचा कोणताही कोट चढवायचा. ताईच्या वाट्याला आलेल्या कोटाच्या बाह्या तिला दोनदा दुमडाव्या लागत. काम करताना एक बाही सारखी उलगडायची आणि ताई न पाहताच दुसऱ्या हाताने ती पुन्हा दुमडायची. घरी तिची लहान मुलगी आणि सासूबाई. नवरा दूरच्या गावी नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी. दुपारी ताई सिंकपाशी उभी राहून घरी फोन करी, तेव्हा तिचे एका बाजूचे बोलणे मला ऐकू येई.

"आई, ती जेवली का? ... सगळं? ... मग वाटीत काय ठेवलंय तिनं? ... बघा, मला माहीतच होतं."

आणि एकदा असेही ऐकले: "आई, तुम्ही शेजारच्या काकूंना सांगितलंत मी कायम होणार म्हणून? ... अहो, कशाला? अजून कशात काही नाही. ... नाही, होईन. होईन हो. पण आधी सांगायचं नाही ना."

त्याच वर्षी कारखान्यात एक नवे अधिकारी आले. कुणाला कामावर घ्यायचे, कुणाला काय शिकवायचे, कुणाला बढती द्यायची, हे सगळे त्यांच्याकडे. साहेब मनाने सरळ होते. स्वतः सायकलवर येत, दिवसा खोलीत दिवा लावत नसत, कागद दोन्ही बाजूंनी वापरत. त्यांचे म्हणणे असे, की पाणी आणि वीज जपणे हे जर सगळ्यांचे काम आहे, तर वर्षाअखेर जेव्हा प्रत्येकाच्या कामाला गुण देतात, तेव्हा याचेही गुण दिले पाहिजेत. विचार चांगला होता. त्यांनी प्रत्येक विभागाच्या नळाला मीटर बसवले. जेवणघराच्या भिंतीवर एक फळा लावला. ज्या विभागाने महिन्यात सर्वांत कमी पाणी वापरले, त्याच्या नावापुढे कागदाचे हिरवे पान. ज्याने सर्वांत जास्त, त्याच्यापुढे वाळके पान. आठवडाभरातच लोक त्यांना पानसाहेब म्हणू लागले.

वाळके पान कुणाला मिळाले असेल, हे तुम्ही ओळखले असेल.

त्याचे कारण मीच होते. एक कॅन शुद्ध पाणी तयार करायला मला दहा-बारा कॅन थंड पाणी काचेच्या नळीभोवती फिरवावे लागे. ते पाणी घाण होत नसे. फक्त गरम होई आणि माझ्या रबरी नळीतून सिंकमध्ये निघून जाई. इतकी वर्षे ते तसेच जात होते. किटली म्हटली की एवढे पाणी लागणारच, असे सगळे धरून चालले होते, मीही.

पहिल्या महिन्यात वाळके पान मिळाले तेव्हा सगळे हसले. दुसऱ्या महिन्यात हसू कमी झाले. जेवणघरात प्रयोगशाळेची माणसे आली की कुणीतरी म्हणे, "सरका रे, दुष्काळ आला." त्यातच हिशेब विभागातल्या लोकांनी एक युक्ती शोधली. ते आपले जेवणाचे डबे धुवायला आमच्या सिंकवर येऊ लागले. आमच्या नळाचे पाणी आमच्या मीटरवर पडे आणि त्यांचे पान हिरवे राही.

मावशींनी दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी डब्यांची रांग लागली तेव्हा म्हणाल्या, "या, या. घरची कढईपण आणत चला. आणि साबण कसला वापरता? तोही आमचाच घ्या, तुमचं पान अजून हिरवं होईल."

"मावशी, रागावू नका हो," त्यातला एक म्हणाला. "आमच्याकडं पाणी फार जपून वापरतात."

"दिसतंय ना. दुसऱ्याचं वापरायला जपावं कशाला लागतंय."

मित्रांनो, हे सगळे गमतीचे वाटते. पण हळूहळू कारखान्यात एक विचित्र हवा पसरली. लोक पाणी वाचवत होते, पण एकमेकांवर डोळा ठेवून. पॅकिंगवाले घरून बाटल्या भरून आणू लागले, म्हणजे पाणी तेवढेच लागले, फक्त दुसऱ्या नळाचे. कुणी तोंडावर पाणी मारताना दिसला की दुसरा नळाकडे बघे. पूर्वी जो आनंदाने दिवा मालवून जाई, तोच आता आपल्याला कुणी पाहिले ना, याची खात्री करून मालवू लागला.

ताईच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. तिला कायम करायचे की नाही, हे वर्षाअखेर ठरणार होते, आणि तिच्या गुणांत तीन वाळकी पाने जाऊन बसली होती. मोठ्या बाई तेव्हा रजेवर होत्या. त्यांच्या बहिणीचे ऑपरेशन होते. एका सकाळी ताई मावशींजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तिसरं विसळणं काही दिवस राहू द्या."

मावशींनी नळ बंद केला. "बाईंना विचारलंस?"

"त्या आल्या की विचारते. आपण एक विसळणं कमी केलं तर किटली कमी चालेल. ती कमी चालली की पाणीही कमी जाईल. आणि दोनदा विसळल्यावर भांडं स्वच्छ दिसतंच की."

"दिसायला काय, माझ्या जावेचं घरही स्वच्छ दिसतं," मावशी म्हणाल्या. पण त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पुढे वाद घातला नाही.

मोठ्या बाई परत आल्या. ताईने विचारायचे ठरवले होते. पण आल्या दिवशी बाई थकलेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी बैठक होती, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत न विचारण्याची सवय झाली होती. महिना संपला. प्रयोगशाळेला हिरवे पान मिळाले. जेवणघरात टाळ्या वाजल्या. पानसाहेब स्वतः पान घेऊन प्रयोगशाळेत आले आणि ताईला म्हणाले, "तुमचं नाव मी मुद्दाम वर कळवलंय." ताई हसली. पान मात्र तिने हातात घेतले नाही; मावशींनी ते घेऊन खिडकीत खोचून ठेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पिवळा रंग नापास झाला.

हा पिवळा रंगमास्तरांनी तयार केला होता. ते रंग मिसळण्याच्या विभागाचे मुख्य. त्यांच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असे, त्यामुळे ते कशावर काम करत आहेत हे विचारावे लागत नसे. पुरी एक टाकी भरून पिवळा तयार होता, आणि ताईच्या तपासणीत त्यात शिसे निघाले. रंगमास्तर निरोप मिळताच वर आले.

"माझा पिवळा नापास?"

"शिसं आलंय, मास्तर. मर्यादेच्या वर," ताई म्हणाली.

"कुठनं येईल शिसं? पूड तीच, टाकी तीच, हात तेच. तुमच्याच बाटलीला कावीळ झाली असेल, बघा."

नियम कडक होता. नापास रंग पिंपांत भरून, झाकणे लावून, नष्ट करायला पाठवायचा. टाकीभर रंग, त्यात गेलेले पाणी, पूड, वीज, आठवड्याची मेहनत, सगळे मातीत.  रंगमास्तर तिथल्या स्टुलावर नुसते बसून राहिले, आणि ताईला त्यांच्या बोलण्यापेक्षा ते बसणे जड गेले.

शंका आली की आमच्याकडे रिकामी तपासणी करतात. म्हणजे रंग घ्यायचाच नाही. नेहमीच्या भांड्यांत फक्त माझे शुद्ध पाणी घ्यायचे आणि सगळ्या पायऱ्या तशाच करायच्या. काहीच निघायला नको. ताईने ती केली. शिसे निघाले.

मोठ्या बाईंनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. "म्हणजे रंगात नाही, पाण्यातच आहे. किटली म्हातारी झाली. पोटातलं काहीतरी वाफेबरोबर वर येत असणार."

"मग काढून टाकू या," पानसाहेब म्हणाले. ते नेमके तेव्हा आले होते. "नाहीतरी सगळ्यात जास्त पाणी तीच पिते. नवीन छोटं यंत्र घेऊ. प्लंबरला शुक्रवारी बोलावतो."

मित्रांनो, भिंतीवर बसून आपल्याबद्दल असे ऐकणे काही सुखाचे नसते. मला माहीत होते की माझ्या पाण्यात काही नाही. पण यंत्राला बोलता येत नाही. ते फक्त आपले काम करत राहू शकते. मी थेंब थेंब पाणी देत राहिले.

संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर ताई थांबली. तिने कपाटातून एक कोरा बीकर काढला. अजून वेष्टनातच होता तो. त्यात कधी काही घातले गेले नव्हते. तो तिने माझ्याच पाण्याने तीनदा विसळला, थेट माझ्या नळीखाली धरला आणि ते पाणी तपासले. काहीच निघाले नाही. तिने पुन्हा तपासले. काहीच नाही. मग तिने जुना एक बीकर उजेडात धरला. पिवळ्याच्या आदल्याच दिवशी बाहेरून आलेली एक पूड याच बीकरांत तपासली होती. तिच्यात शिसे ठासून भरले होते म्हणून ती परत पाठवली होती. तेव्हा भांडी दोनदा विसळली गेली. डोळ्यांना न दिसणारे जे थोडेसे काचेला धरून राहिले होते, ते तिसऱ्या पाण्याने गेले असते.

मावशी पदर खोचून दारात उभ्या होत्या. त्या गेल्या नव्हत्याच.

"किटली चांगली आहे ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"मग?"

ताईने कोटाची बाही दुमडली. "मावशी, किटली शुक्रवारी जाईल. नवीन यंत्र येईल. मी उद्यापासून गुपचूप तीनदा विसळायला सांगेन. पिवळा पुन्हा तपासला की पास होईल. कुणालाच काही कळणार नाही."

"मला कळेल," मावशी म्हणाल्या. "पण मी काही बोलणार नाही, पोरी. दोनदा विसळणारे हात माझेच होते. तू ठरव."

ताई घरी गेली. त्या रात्री तिच्या घरी काय झाले ते मला माहीत नाही. सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर आली आणि मोठ्या बाई पिशवी खाली ठेवतात न ठेवतात तोच त्यांच्यासमोर उभी राहिली. पानसाहेब नव्या यंत्राची माहिती घेऊन आले होते. रंगमास्तर आपल्या पिवळ्याचे काय झाले ते विचारायला आले होते. बरे झाले असते ते नसते तर. पण ती थांबली नाही.

"बाई, किटलीत दोष नाही. तिसरं विसळणं मी बंद करवलं होतं. पाण्यासाठी. पानासाठी, म्हणजे."

मोठ्या बाईंनी भांड्यांच्या कपाटाकडे पाहिले.

"कधीपासून?" बाईंनी विचारले.

"तुम्ही रजेवर होतात तेव्हापासून."

"म्हणजे तेव्हापासूनच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या."

"हो, बाई. मी करते."

"एकटीनं नाही होणार. मी बसते बरोबर." बाई जरा थांबल्या. "एक गोष्ट बरी आहे. अस्वच्छ भांड्यानं चांगला रंग खराब ठरतो. खराब रंग चांगला ठरत नाही. त्यामुळं मुलांच्या हाती वाईट काही गेलेलं नाही. पण हे नशीब आहे, आपलं काम नाही."

ताईने मान हलवली. रंगमास्तर म्हणाले, "म्हणजे माझा पिवळा?"

"चांगला आहे, मास्तर. आज दुपारी सांगते नक्की."

"मग मी कालची रात्र कशाला जागून काढली," असे म्हणून ते उठले, पण जाताना ताईपाशी थांबले. "सांगितलंस ते बरं केलंस. कावीळ म्हणालो, ते मागं घेतो."

पानसाहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. "तुम्हाला अडचण होती, तर मला का नाही सांगितलंत?"

उत्तर मावशींनी दिले. "साहेब, तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. फळ्याला काय सांगायचं?"

 नव्या यंत्राचे कागद साहेबांनी घडी करून खिशात घातले आणि ते निघून गेले. मला वाटले, आता रागाने शुक्रवारपर्यंतही थांबणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. "मी इथं थोडा वेळ बसलो तर चालेल का?" त्यांनी मोठ्या बाईंना विचारले. मग स्टूल ओढून ते सिंकपाशी बसले. मावशी भांडी कशी धुतात ते त्यांनी पाहिले. हे का, ते का, असे विचारत राहिले. पहिल्यांदा मावशी तुटक उत्तरे देत होत्या. नंतर त्यांनी साहेबांच्या हातात एक बीकर दिला. "विसळा बघू." साहेबांनी विसळला. "आतून तळाला कोण विसळणार, तुमची आत्या?" साहेबांनी पुन्हा विसळला. ताई पाठमोरी काम करत होती. तिचे खांदे हसत होते.

तेवढ्यात रंगमास्तर आले. पिवळा पास झाला होता, त्याचा कागद न्यायला. थंडीचे दिवस होते आणि ते नुकतेच पिंपे धुवून आले होते. बोटे गारठून लाल झाली होती. सिंकपाशी येताच त्यांनी न विचारता हात माझ्या रबरी नळीच्या धारेखाली धरले.

"अरे वा," ते म्हणाले, "इथं तर चैन आहे. आम्ही पिंपं धुवायला बॉयलर तापायची वाट बघत बसतो, आणि तुमचं गरम पाणी आपलं दिवसभर वाहतंय."

"न्या की मग," मावशी म्हणाल्या. "जोडीला वाळकं पानही देते. कपाटात तीन पडलीयत."

सगळे हसले. सर्वांत आधी साहेबांचे हसणे थांबले. ते माझ्याकडे पाहू लागले, मग माझ्यामागच्या भिंतीकडे.

"मास्तर, तुमची पिंपं धुवायची जागा कुठं आहे?"

"या भिंतीच्या पलीकडं," मास्तर म्हणाले. त्यांचे हात अजून धारेखालीच होते. मग त्यांनीही भिंतीकडे पाहिले. मोठ्या बाई आपल्या टेबलावरून उठून आल्या. थोडा वेळ पाच माणसे एका भिंतीकडे पाहत उभी होती, आणि त्या भिंतीवर मी.

शुक्रवारी प्लंबर आला. मला काढायला नाही, भिंतीला भोक पाडायला. माझी रबरी नळी सिंकमधून उचलून पलीकडच्या टाकीत सोडली. आता माझे गरम पाणी पिंपे धुवायला जाते. तिथला बॉयलर क्वचितच लावावा लागतो. तेवढे पाणी आणि तेवढी वीज वाचली, आणि एकही भांडे कमी विसळावे लागले नाही. मास्तरांच्या माणसांनी त्या नळाला माझेच नाव दिले आहे. भिंतीपलीकडून आवाज येतो, "किटली सोड रे." हे ऐकले की मला बरे वाटते.

पुढच्या महिन्यात फळा जेवणघरातून निघाला. मीटर राहिले; साहेब म्हणाले, मोजायला हवेच, पण मोजून एकमेकांच्या अंगावर फेकायला नको. आता ते प्रत्येक विभागात आळीपाळीने जाऊन बसतात आणि विचारतात, इथे काय वाया जातेय, आणि तुमचे कुठे अडतेय. वर्षाच्या गुणांतही पाण्याचा आकडा राहिला नाही. काय सुचवले आणि काय करून पाहिले, हे विचारतात. सगळे लगेच सुरळीत झाले असे नाही. पॅकिंगवाल्यांनी पहिल्या बैठकीत फक्त खुर्च्यांबद्दल तक्रार केली. हिशेबवाल्यांना स्वतःचे सिंक मिळाले, तरी एक-दोघे सवयीने आमच्याकडे येतात आणि मावशींचे बोलणे ऐकून जातात. मला वाटते, त्यासाठीच येतात. पण दिवा मालवताना कुणी आता मागे वळून पाहत नाही.

ताईचे वर्ष संपले तेव्हा तिला कायम केले नाही. मोठ्या बाईंनीच सांगितले, "चूक कबूल केलीस म्हणून चूक नव्हती असं होत नाही. अजून तीन महिने." ताईने ते ऐकून घेतले. त्या दिवशी तिने घरी फोन केला, तेव्हा पलीकडून सासूबाई बराच वेळ काहीतरी बोलत होत्या आणि ताई फक्त "हं, हं" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "आई, तुम्ही रागावाल असं वाटलं होतं मला." मग ती हसली आणि तिने डोळे पुसले.

ते तीन महिने मी तिला जवळून पाहिले. ती पूर्वीइतकेच काम करत होती, पण तिच्या पाठीवरचे काहीतरी उतरले होते. आता ती मोठ्या बाईंना प्रश्न विचारू लागली. कधी कधी वादही घालू लागली. एकदा तर बाई म्हणाल्या, "पूर्वी बरी गप्प होतीस," आणि स्वतःच हसल्या.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी माझे पोट साफ करायचे होते. पाणी उकळून उकळून आत पांढरा क्षार साचतो. तो काढला नाही तर वीज जास्त लागते आणि वेटोळे जळते. ताईचे दोन्ही हात कोपरापर्यंत माझ्या पोटात होते. साहेब दारात आले, हातात लिफाफा घेऊन. मोठ्या बाई त्यांच्यामागे. मावशींना आधीच कळले असावे, कारण त्यांनी नळ बंद केला होता.

"ताई, तुमचं पत्र," साहेब म्हणाले. "कायम झाल्याचं."

ताईने मान वर केली. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग डोळे भरून आले. 

"तिथं टेबलावर ठेवा, साहेब," ती म्हणाली. "माझे हात ओले आहेत. तळाचा थोडा थर राहिलाय, तेवढा काढते आणि येते."

आणि तिने तो काढला, शेवटच्या कणापर्यंत. घाई केली नाही. माझ्या पोटात इतक्या हलक्या हाताने कधी कुणी ब्रश फिरवला नव्हता.

मित्रांनो, मी आता बरीच जुनी झाले आहे. कधीतरी माझ्या जागी दुसरे यंत्र येईलच, आणि ते कमी पाण्यात माझ्याहून चांगले काम करो. मला त्याचे दुःख नाही. तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. पाणी जरूर वाचवा, पण वाचवण्याआधी ते कुठून येते आणि कुठे जाते, हे जरा वाकून पाहा. त्या पाण्यात रोज हात घालणारे जे कुणी असेल, त्याला विचारा. आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबा. तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी किटली असली, तर अधूनमधून तिचे पोट साफ करा. न बोलणाऱ्यांची काळजी घ्यायची म्हणजे त्यांच्याकडे लक्ष ठेवायचे, एवढेच.

माझा कॅन काठोकाठ भरत आला आहे. मावशी पदराला हात पुसत इकडेच येत आहेत.